अकरा लेकरांच्या वर्गाची सरासरी

बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या एका लहान गावातून एका ताईंनी विचारलं आहे: "मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. आमची जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, पट ४७, शिक्षक दोन. चौथीत ११ लेकरं. गेल्या वर्षी संकलित चाचणीत चौथीची गणिताची सरासरी ६५ टक्के होती, यंदा ५५ वर आली. बैठकीत लोक गुरुजींवर तुटून पडले. चार-पाच जण लेकरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायची म्हणायलेत. मी बारावी शिकलेय, पण ह्या आकड्यांचं काही कळत नाही. शाळा खरंच बिघडली का? समितीनं काय करावं?"

ताई, आधी कागद-पेन घेऊन एक हिशोब मांडा. अकरातल्या नऊ लेकरांना सरासरी ६५ टक्के पडले असं धरा. त्यांची बेरीज ५८५. उरलेली दोघं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली, मार्चअखेर परत आली आणि एप्रिलात पेपरला बसली. त्यांना बारा-बारा टक्के पडले. एकूण झाले ६०९. भागिले अकरा करा. ५५ आणि वर थोडं येतं. म्हणजे एकाही लेकराचं गणित मागं गेलेलं नाही, गुरुजींनी शिकवण्यात कसूर केलेली नाही, तरी सरासरी दहानं खाली आली. हीच दोन लेकरं शंभर जणांच्या इयत्तेत बसली असती तर ६५ चे ६४ झाले असते आणि बैठकीत कुणी तोंडही उघडलं नसतं.

तुमच्याकडं हेच झालं असेल असं मी इथं बसून सांगू शकत नाही. पण तुमच्या भागात ही शक्यता सगळ्यात आधी तपासायची असते. मी लातूर जिल्ह्यात १९८९ ला शिक्षिका म्हणून लागले आणि २०२२ ला केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारी अधिकारी, म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत लहान शाळेच्या टक्केवारीवरून गावात भांडणं झालेली कितीतरी वेळा पाहिली. आकडा कसा तयार झाला हे एकदाही कुणी आधी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अशी, की गेल्या वर्षीची चौथी आणि यंदाची चौथी ही वेगळी लेकरं आहेत. गेल्या वर्षीची चौथी आता पाचवी ओलांडून गेली. ६५ वरून ५५ वर "घसरलं" असं म्हणतो तेव्हा घसरलं कोण? कुणीच नाही. ह्या अकरा जणांचे आदल्या वर्षी तिसरीत असतानाचे गुण, चौथीच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीतले गुण आणि आत्ताचे गुण एका ओळीत लिहिले, तर कोण पुढं गेलं, कोण जागीच राहिलं ते दिसेल. त्यातही दोन पेपर सारखेच अवघड असतात असं नाही. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेवर असते, संकलित चाचणी चालू अभ्यासक्रमावर. म्हणून पाच-सात टक्क्यांच्या फरकावर जीव टांगू नका.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण सांगते. ह्या चाचण्यांचे पेपर वर्गशिक्षकच तपासतात. माझ्या केंद्रात एका वाडीच्या शाळेवर नवीन गुरुजी बदलून आले आणि पहिल्याच चाचणीत दुसरी-तिसरीचे गुण निम्म्यावर आले. गावकरी शाळेला कुलूप ठोकायला निघाले. मी दोन्ही वर्षांच्या उत्तरपत्रिका घेऊन एक अख्खा दिवस बसले. जुन्या पेपरांत सात लेकरांची उत्तरं एकाच वळणाच्या अक्षरात खोडून दुरुस्त केलेली होती. नवीन गुरुजींनी लेकरांना जे येत होतं तेवढेच गुण दिले होते. दोन वर्षांनी त्याच वर्गातली लेकरं हातच्याची वजाबाकी न अडखळता करायला लागली, टक्केवारी मात्र त्या जुन्या आकड्याला कधीच पोचली नाही. गावानं त्या गुरुजींना तेव्हा हाकललं असतं तर? माझ्या मनातून तो प्रसंग अजून जात नाही. तुमच्या शाळेत शिक्षक बदललेत का, तपासणारा माणूस बदलला का, हे जरूर विचारा.

आता चाचण्यांबद्दल थोडं, कारण बैठकीत सगळ्या चाचण्यांची सरमिसळ होते. पेपरात "आपला जिल्हा मागे" अशी बातमी येते ती बहुतेक वेळा राष्ट्रीय सर्वेक्षणाची असते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ ला झालं. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ ला 'परख' सर्वेक्षण झालं, त्यात तिसरी, सहावी आणि नववीची मुलं होती. हे नमुना सर्वेक्षण आहे. निवडक शाळा, त्यातली निवडक मुलं, आणि निष्कर्ष जिल्ह्याचा. त्यावरून तुमच्या शाळेबद्दल काहीच काढता येत नाही. 'असर' हा शिक्षणाच्या स्थितीचा अहवालही तसाच, तो तर घरोघरी जाऊन करतात. शिष्यवृत्ती आणि नवोदय ह्या निवडीच्या परीक्षा आहेत. चारांतून एक पर्याय निवडायचा असतो, त्यामुळं शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्नांना डोळे झाकून गोल रंगवले तरी सरासरी १९ बरोबर येतात, म्हणजे १५० पैकी ३८ गुण. एखाद्या लेकराला चाळीस गुण पडले तर त्याला "थोडंफार येतं" असं समजू नका, त्याला अजून काही आलेलं नाही असंच धरून कामाला लागा. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे ६० गुण लागतात.

शिष्यवृत्तीवरून आठवलं, आणि हे मी मोठ्या अपराधी मनानं सांगते. नोकरीच्या सुरुवातीला शिष्यवृत्ती चौथीला होती. माझ्या वर्गात तेवीस लेकरं होती. त्यातली हुशार चार निवडली आणि सकाळी सातपासून त्यांना घेऊन बसायची. दोघं शिष्यवृत्तीधारक झाले, माझा सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं. त्याच वर्गातली एक मुलगी मागच्या रांगेत बसून पाटीवर चित्रं काढत राहिली. तिला चौथीअखेर जोडाक्षर वाचता येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. बऱ्याच वर्षांनी ती तिच्या लेकराला पहिलीत घालायला आली. प्रवेशाचा फॉर्म तिनं माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच भरा, मला येत नाही." ती चौथीत होती त्या वर्षी शाळेचा निकाल तालुक्यात उठून दिसला होता.

त्यामुळं सरासरी बाजूला ठेवा आणि अकरा उत्तरपत्रिका मागा. गुरुजींवर आरोप न करता, "आपण मिळून बघू" असं म्हणून मागा. चार भिंतींच्या आत बसा, लेकरांची नावं मोठ्यानं घेऊ नका. किती गुण पडले ते न बघता चूक कुठली झाली ते बघायचं. लेकरं उगाच चुकत नाहीत. बहुतेक चुकांमागं एक पक्का, पण चुकीचा नियम असतो. तो नियम सापडला की अर्धं काम झालं.

५०३ मधून २७८ वजा करा असं उदाहरण असेल आणि उत्तर ३७५ लिहिलं असेल, तर ते लेकरू आळशी नाही. त्यानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केला: पाचातून दोन गेले तीन, सातातून शून्य गेला सात, आठातून तीन गेले पाच. त्याला हातचा समजलेला नाही, आणि मध्ये शून्य आल्यावर हातचा कुणाकडून घ्यायचा हे तर अजिबातच नाही. अशा लेकराला पन्नास वजाबाक्या करायला लावल्या तर ते पन्नास वेळा तीच चूक पक्की करतं. त्याच्या हातात शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी द्या, आणि दोनशे अठ्ठ्याहत्तर रुपये मागा. सुटे नाहीत म्हटल्यावर ते स्वतःच म्हणतं, "शंभराची मोड आणावी लागंल." हातचा म्हणजे ही मोड. खेळण्यातल्या नोटा कागदाच्या कापून करता येतात.

भागाकारात ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ लिहिलेलं तुम्हाला नक्की सापडेल. मधलं शून्य गेलं. सहा लेकरं गोल बसवा. शंभराच्या सहा नोटा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. प्रत्येकाला शंभराची एक नोट मिळाली. दहाची नोट एकच आहे, ती सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून दहाच्या घरात कुणालाच काही नाही, तिथं शून्य. मग ती नोट मोडायची, झाले बारा रुपये, प्रत्येकाला दोन. १०२. एवढं एकदा हातानं वाटलं की त्या शून्याला अर्थ येतो. माझ्या अनुभवात हे शिकवायला पाऊण तास लागतो. फळ्यावर रीत सांगून वर्षभर लागतं आणि तरी येत नाही.

संख्या लिहिण्यात पंचवीसचे ५२ आणि एकोणसाठचे ६९ झालेले दिसतील. हा आपल्या भाषेचाच भाग आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. एकोणसाठ म्हणताना कानावर साठ पडतात, आणि संख्या मात्र पन्नासच्या घरातली. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीसला "वीस एक" असं वाचायची पद्धत आणली तेव्हा राज्यभर वाद झाला. ती पद्धत आवडो न आवडो, ज्या अडचणीसाठी ती आणली ती अडचण खरी आहे. आमच्या उदगीर-देगलूर पट्ट्यात तेलुगू बोलणारी लेकरं आहेत. तेलुगूत पंचवीसला "इरवै ऐदु" म्हणतात, आधी वीस, मग पाच. ही लेकरं घरच्या भाषेत संख्या बरोबर सांगतात आणि शाळेत उलटी लिहितात. तिसरी-चौथीपर्यंत कुणी लक्ष दिलं नाही तर त्या लेकराचं बेरीज-वजाबाकीचं प्रत्येक उत्तर चुकतं, आणि आपण म्हणतो त्याचं गणित कच्चं आहे.

सगळ्यात जास्त गुण जातात ते शाब्दिक उदाहरणांत. एक नमुना देते: "सलमाजवळ ४० गोट्या आहेत. त्या रमेशच्या गोट्यांपेक्षा १५ ने कमी आहेत. तर रमेशजवळ किती?" उत्तर ५५, पण बहुतेक लेकरं २५ लिहितात. का? कारण आपणच शिकवलेलं असतं, "एकूण" दिसलं की बेरीज, "कमी" दिसलं की वजाबाकी. लेकरू वाक्य वाचतच नाही, शब्द हुडकतं. ह्यात गुरुजींचा दोष नक्कीच आहे, पण तो आपल्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या, राज्यातल्या बहुतेक गुरुजी-बाईंचा आहे, माझाही होता.

अशा उदाहरणात लेकरू नेमकं कुठं अडकलं हे शोधायची एक जुनी पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन ह्यांनी ती १९७७ च्या सुमारास मांडली. चुकलेलं उदाहरण लेकरापुढं ठेवून क्रमानं पाच गोष्टी विचारायच्या. वाचून दाखव. काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कसं काढशील? आता करून दाखव. उत्तर नीट लिही. जिथं ते थांबलं तिथं उपाय करायचा. पहिल्याच पायरीवर थांबलं तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नाही. हे करायला गणिताची पदवी लागत नाही, ताई. तुम्ही बारावी आहात, तुम्ही करू शकता. लेकराला मध्येच सुधारायचं नाही, एवढं पथ्य पाळा. दहा मिनिटांत एक लेकरू होतं.

आणखी एक सोपी खूण. तेच शाब्दिक उदाहरण तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि लेकराला तोंडी करायला सांगा. कितीतरी लेकरं ऐकून बरोबर करतात आणि कागदावर चुकतात. बाजाराच्या दिवशी बापाबरोबर माळवं विकायला बसणारं लेकरू साडेसतरा रुपयांचा हिशोब तोंडी करतं, वर्गात त्याला गणितात सात गुण असतात. त्याला गणित येतं. त्याला वाचता येत नाही.

म्हणून वाचन तपासा, आणि ते घरी बसूनही होतं. दुसरीचं बालभारती घ्या, त्यातलं लेकराला पाठ नसलेलं एक पान उघडा. घड्याळ लावून एक मिनिट वाचू द्या, शब्द मोजा, मग काय वाचलं ते विचारा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं ध्येय असं आहे, की तिसरीच्या अखेरीस लेकरानं मिनिटाला ६० शब्द समजून वाचावेत. तुमचं चौथी झालेलं लेकरू २० शब्दांवर अडखळत असेल तर गणिताच्या, परिसर अभ्यासाच्या, कुठल्याच पेपरात त्याला न्याय मिळणार नाही. पाठांतर ओळखायला एक युक्ती: बोट शेवटच्या ओळीवर ठेवून तिथून वाचायला सांगा. पाठ असलेलं लेकरू लगेच उघडं पडतं. हे करताना प्रेमानं करा, चेष्टा करू नका.

भाषेच्या पेपराबद्दल एक सांगायचं राहिलं. चाचणीतली मराठी आणि आपल्या लेकरांची मराठी ह्यांत अंतर आहे. एका पेपरात समुद्रावरचा उतारा होता आणि प्रश्न होता, भरती कधी येते? आमच्या एका पोरानं लिहिलं, "जाहिरात निघाल्यावर." त्याचा मोठा भाऊ पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यानं पळायचा. त्या लेकरानं समुद्र पाहिलेला नाही. त्याला शून्य मिळालं, आणि उतारा न वाचता लिहिलं म्हणून ते बरोबरच होतं, पण ते विचार करत नव्हतं असं कुणी म्हणू नये. बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोलतात, त्यांना पहिलीत आल्यावर मराठी दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते. तुमच्या शाळेत तांड्याची लेकरं असतील तर त्यांचे भाषेचे गुण वेगळे काढून बघा. कमी दिसले तर "लक्ष देत नाहीत" हे वाक्य बैठकीत कुणालाच बोलू देऊ नका.

मग करायचं काय? अकरा पेपर आणि वाचनाची तपासणी झाली की तिसरी, चौथी, पाचवीच्या सगळ्या लेकरांची यादी करा आणि समोर इयत्ता न लिहिता पायरी लिहा: अक्षर वाचतो, शब्द वाचतो, परिच्छेद वाचतो, गोष्ट वाचतो. गणिताचंही तसंच, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी, भागाकार. रोज एक तास लेकरं इयत्तेनं न बसता पायरीनं बसतील. पाचवीतलं लेकरू तिसरीतल्या लेकराबरोबर शब्द वाचत बसलं तर कमीपणा नाही, हे आधी पालकांना सांगावं लागतं, नाहीतर बोभाटा होतो. दोन शिक्षकांना पाच इयत्ता असतात, त्यामुळं हा तास उलट त्यांच्या सोयीचा पडतो.

गावातली एखादी बारावी झालेली, घरी असलेली मुलगी त्या तासाला मदतीला मिळाली तर फार फरक पडतो. हा माझा अनुभव आहेच, पण त्यावर अभ्यासही झालेला आहे. 'प्रथम' संस्थेनं २००१ ते २००३ ह्या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' म्हणून वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या. तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास मूलभूत वाचन आणि गणित शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची मोजणी केली. गुण वाढले, आणि सगळ्यात मागं असलेल्या मुलांचे जास्त वाढले. बॅनर्जी आणि डुफ्लो हे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. सांगायचं कारण एवढंच, की तुमच्या बैठकीत कुणी "बारावीची पोरगी काय शिकवणार" म्हटलं तर हे उदाहरण पुढं ठेवा.

आता उसाला जाणाऱ्या लेकरांचं. तुमच्या भागात हा विषय सोडून निकालाबद्दल बोलणं म्हणजे पाण्याबद्दल न बोलता शेतीबद्दल बोलणं. कोण जाणार हे गावाला दिवाळीपर्यंत थांबून कळायचं कारण नाही. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतली की तो कोयता, म्हणजे ते तोडणीचं जोडपं, जाणार हे गणपतीच्या आसपास सगळ्यांना माहीत असतं. तेव्हाच यादी करा. लेकरू मागं ठेवायला आजी-आजोबा तयार असतात, पण दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न असतो. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. लेकरू गावातच राहतं, जेवण मिळतं, शाळा चालू राहते. प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि चालवायची जबाबदारी तुमच्या समितीवर असते. प्रस्ताव दिवाळीनंतर पाठवला तर मंजुरी येईपर्यंत लेकरं कारखान्यावर पोचलेली असतात, म्हणून दसऱ्याच्या आत कागद पुढं गेले पाहिजेत. जे जाणारच आहे त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायला गुरुजींना सांगा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसायला अडचण येत नाही. मोठ्या मुलींकडं जास्त लक्ष द्या. कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) धाकटं भावंड सांभाळायला म्हणून आठ-नऊ वर्षांची पोरगी नेली जाते, आणि परत आल्यावर तीच वर्गात सगळ्यात मागं असते. मार्चमध्ये परत आलेल्या लेकराला एप्रिलच्या पेपराला बसवावं, पण त्याचे गुण वेगळ्या ओळीत लिहावेत. आकडा चांगला दिसावा म्हणून त्याला पेपराच्या दिवशी घरी थांबवायचं असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मी ते होताना पाहिलंय. मग ते लेकरू कुठल्याच हिशोबात राहत नाही.

दुष्काळातही असंच होतं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या शाळांत हजेरी निम्मी दिसायची. लेकरं टँकरपाशी घागरी घेऊन उभी असायची. त्या वर्षीचे गुण आधीच्या वर्षाशी जुळवून शिक्षकांना जाब विचारण्यात काय अर्थ होता? हजेरीपट उत्तरपत्रिकेशेजारी ठेवल्याशिवाय गुण वाचू नयेत.

गुरुजींची चूक असूच शकत नाही असंही माझं म्हणणं नाही. वर्षभर नियमित आलेली लेकरं वेगळी काढल्यावरही तेच चित्र दिसलं, वह्यांवर महिनोन्‌महिने तपासणीची खूण नाही, शाळा तीनलाच सुटते, असं असेल तर समितीच्या ठरावासह केंद्रप्रमुखांकडं लेखी द्या. फोनवर सांगून काही होत नाही. मात्र त्याआधी गुरुजी वर्गाबाहेरच्या कामात किती दिवस होते, निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, हेही त्यांना विचारून लिहून काढा. ठरावात दोन्ही गोष्टी आल्या तर तो ठराव टिकतो.

इंग्रजी शाळेचा निर्णय ज्याचा त्याचा आहे, पण तो ह्या आकड्यावरून घेऊ नका. जायच्या आधी त्या शाळेतलं आपल्याच गावातलं एखादं चौथीचं लेकरू घरी बोलवा आणि त्याच्या पुस्तकातलं पान त्याला वाचायला द्या. वाचल्यावर काय समजलं ते मराठीत विचारा. मी हे अनेक घरी केलंय. इंग्रजी भरभर वाचणारं लेकरू एका वाक्याचाही अर्थ सांगू शकत नाही असं बऱ्याचदा झालं, आणि काही वेळा लेकरू खरंच छान शिकत होतं. दोन्ही पाहिलंय, म्हणून सरसकट काही सांगत नाही.

तुम्ही अध्यक्ष आहात, आई आहात आणि प्रश्न विचारायची तुमची तयारी आहे, ह्याचं मला फार समाधान वाटतं. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलं तेव्हा नेमकं हेच अपेक्षित होतं. पुढच्या बैठकीला टक्केवारी फळ्यावर लिहू नका. अकरा लेकरांची यादी, प्रत्येकापुढं वाचनाची पायरी, गणिताची पायरी आणि हजेरीचे दिवस, एवढं एका कागदावर न्या. त्यात ज्यांची हजेरी नोव्हेंबर ते मार्च कोरी दिसेल, त्यांच्या आज्जीला बैठकीआधी घरी जाऊन भेटा, आणि यंदा लेकरू तिच्यापाशी राहील का ते विचारा.